विधानसभा २०२४ : निकालाचा हिशेब विभागावर मांडायचा, जिल्ह्यावर, लोकसभेवर की मतटक्क्यावर?

महाराष्ट्र विधानसभेचा २३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल दोन ओळींत सांगून होतो. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. म्हणजे २८८ पैकी २३० जागा महायुतीतल्या या तीन पक्षांकडे. समोरच्या महाविकास आघाडीत (मविआ) ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. पण या निकालावर कुणाला अभ्यास लिहायचा असेल, जिल्हा आवृत्तीसाठी विश्लेषण करायचं असेल किंवा आपल्या गटातून झेडपीला उभं राहावं का हे ठरवायचं असेल, तर या दोन ओळींचा काही उपयोग नाही. आधी ठरवावं लागतं की आकड्यांची वाटणी कशावर करायची. माझा कल जिल्ह्याकडे आहे. मुंबई-ठाण्यात मात्र तो टिकत नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

विभाग

टीव्हीवाल्यांचा आवडता पर्याय. विदर्भ ६२, मराठवाडा ४६, पश्चिम महाराष्ट्र ७०, उत्तर महाराष्ट्र ३५, ठाणे-कोकण ३९, मुंबई ३६. बेरीज बरोबर येते, पडद्यावर नकाशाही छान दिसतो.

पहिली गोची अहिल्यानगरची. प्रशासनाच्या हिशेबात हा जिल्हा नाशिक विभागात, राजकारणाच्या हिशेबात पश्चिम महाराष्ट्रात. त्याच्या १२ जागा इकडे धरल्या तर पश्चिम महाराष्ट्र ७०, तिकडे धरल्या तर ५८. दोन वाहिन्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा भांडण या १२ जागांचं असतं.

तरीही विभाग टाकाऊ नाही. मराठवाड्यात तो चांगला चालतो, कारण तिथे वारं एकाच दिशेला वाहिलं. २०२४ च्याच लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा महाविकास आघाडीने जिंकल्या होत्या. फक्त छत्रपती संभाजीनगर शिंदेसेनेकडे गेलं. सहा महिन्यांनी विधानसभेला आघाडीच्या हाती ४६ पैकी ५ जागा उरल्या: परभणी, उमरगा, उस्मानाबाद, लातूर शहर आणि बीड. एवढी मोठी उलथापालथ सगळ्या जिल्ह्यांत सारखी झाली असेल तर ती जिल्ह्याजिल्ह्यात तुकडे करून सांगण्यात अर्थ नाही. जालना, हिंगोली, नांदेड, संभाजीनगर या चारही जिल्ह्यांत आघाडीच्या नावापुढे शून्य आहे.

पश्चिम महाराष्ट्राला हाच न्याय लावला की चित्र बिघडतं.

जिल्हा

पश्चिम महाराष्ट्रातलेच तीन जिल्हे घ्या.

| जिल्हा | जागा | महायुती | मविआ | इतर |
|---|---|---|---|---|
| सातारा | ८ | ८ | ० | ० |
| सोलापूर | ११ | ५ | ५ | १ |
| कोल्हापूर | १० | ९ | ० | १ |

साताऱ्यात महायुतीने मैदान मारलं. कराड दक्षिणला माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले, कराड उत्तरला बाळासाहेब पाटील पडले. हद्द ओलांडून सोलापुरात या, तर करमाळा, माढा, मोहोळ आणि माळशिरस अशा चार जागा शरद पवारांच्या पक्षाला. राज्यभरात मिळालेल्या दहापैकी चार एकट्या सोलापुरात! बार्शी ठाकरेंच्या सेनेला, सांगोला शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप). विभागाच्या बेरजेत हे सगळं ‘पश्चिम महाराष्ट्रात महायुतीची सरशी’ या वाक्याखाली गाडलं जातं.

जिल्ह्याचं माप ग्रामीण महाराष्ट्रात चालतं त्याचं कारण सत्तेची यंत्रणाच जिल्ह्याची आहे. जिल्हा बँक, दूध संघ, जिल्हा परिषद, नियोजन समिती, पालकमंत्री, सगळं जिल्ह्यापुरतं. पुढाऱ्यांच्या युत्या आणि वैरं त्याच कुंपणात वाढतात. अकलूजचे मोहिते-पाटील २०२४ च्या लोकसभेपूर्वी शरद पवारांकडे परतले, त्याचा धक्का माळशिरस, करमाळ्याला बसला. साताऱ्यातल्या माण-फलटणला त्याने आघाडीला जागा मिळवून दिली नाही.

कोल्हापूर जरा थांबून पाहण्यासारखं आहे. वरच्या तक्त्यातला ९ हा आकडा फसवा आहे. त्या नवात शिंदेसेना ३, भाजप २, मित्रपक्ष जनसुराज्य २, अजित पवारांची राष्ट्रवादी १ आणि शिरोळची राजर्षी शाहू विकास आघाडी १. दहावी जागा चंदगडची, तिथले अपक्ष शिवाजी पाटील हे भाजपचेच बंडखोर. दहा जागांवर सहा पाट्या! २०१९ ला याच जिल्ह्यात काँग्रेसचे ४ आमदार होते आणि भाजपचा एकही नव्हता. कागदावर पाहिलं तर जिल्हा पूर्ण पालटला.

आता पाट्या झाकून माणसं बघा. राधानगरीत आबिटकर, कागलमध्ये मुश्रीफ, शाहूवाडीत कोरे आणि शिरोळमध्ये यड्रावकर २०१९ लाही होते, २०२४ लाही आहेत. इचलकरंजीत प्रकाश आवाडेंच्या जागी मुलगा राहुल आला. वडील अपक्ष, मुलगा भाजप. म्हणजे दहापैकी पाच जागी माणूस किंवा घर तेच राहिलं. खरा बदल झाला तो काँग्रेसच्या चार जागांवर आणि चंदगडला. मुश्रीफांच्या विरोधात कमळ सोडून शरद पवारांची तुतारी घेतलेले समरजित घाटगे काही महिन्यांपूर्वीपर्यंत भाजपमध्ये होते आणि २०२१ ला ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघात सतेज पाटील व मुश्रीफ यांनी एकत्र येऊन महाडिक गटाकडून सत्ता घेतली होती, हे ज्याला माहीत आहे त्याला या जिल्ह्यात ‘मतदार हिंदुत्वाकडे वळला’ असं एका वाक्यात लिहवणार नाही. वळलाही असेल, पण जागांच्या आकड्यातून ते सिद्ध होत नाही.

म्हणून जिल्हानिहाय तक्ता करायचा तर पक्षाच्या रकान्याशेजारी ‘मागचा आमदार कोण’ हा रकाना हवाच. हे काम किचकट आहे, पण त्याशिवाय जिल्ह्याचं माप घेऊ नये.

लोकसभा मतदारसंघ

४८ लोकसभा, प्रत्येकी सहा विधानसभा, गणित सुटसुटीत. लोकसभेला कुठे किती आघाडी होती आणि विधानसभेला काय झालं, ही तुलना फक्त याच मापाने होते. अडचण अशी की लोकसभेच्या सीमा जिल्ह्यांची पर्वा करत नाहीत. माढ्यात सोलापूरचे करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि साताऱ्याचे फलटण, माण. निकाल? सोलापूरकडच्या चारही जागा महायुतीच्या विरोधात, साताऱ्याकडच्या दोन्ही महायुतीला. चार विरुद्ध दोन असं लिहिलं तर माढा ‘चुरशीचा’ वाटतो. जिल्ह्याची रेघ ओढली की चुरस नाहीशी होते. मावळचंही असंच, अर्धा पुण्यात, अर्धा रायगडात.

आणि नांदेड! विधानसभेच्याच दिवशी तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. त्याच सहा विधानसभा क्षेत्रांत सगळे आमदार महायुतीचे. तोच मतदार, तोच दिवस, तेच मतदान केंद्र. लोकसभेच्या मापाने विधानसभेचं भाकीत करणाऱ्याने हा एक निकाल नजरेसमोर ठेवावा.

मतटक्का

| पक्ष | मतं (%) | जागा |
|---|---|---|
| काँग्रेस | १२.४२ | १६ |
| शिवसेना (शिंदे) | १२.३८ | ५७ |
| राष्ट्रवादी (शरद पवार) | ११.२८ | १० |
| शिवसेना (ठाकरे) | ९.९६ | २० |
| राष्ट्रवादी (अजित पवार) | ९.०१ | ४१ |

हा तक्ता पाहून लोक दोन टोकांना जातात: कुणी मतदान यंत्रांवर संशय घेतं, कुणी ‘टक्क्याला काही अर्थ नाही’ म्हणतं. खरं उत्तर साधं आहे. टक्का राज्यभराच्या मतांवर काढतात आणि प्रत्येक पक्ष वेगवेगळ्या संख्येने जागा लढवतो. शरद पवारांच्या पक्षाने ८६ जागा लढवल्या, अजित पवारांच्या पक्षाने ५९. जास्त ठिकाणी लढून हरलेल्याचा टक्काही वाढतो. शिवाय महायुतीत तीन पक्षांची मतं एकमेकांकडे नीट वळली.

टक्का जिल्हा पातळीवर उतरवला की आणखी फसतो. वर्ध्याच्या चारही जागा भाजपने लढवल्या आणि जिंकल्या. तिथे शिंदेसेनेच्या मतांपुढे शून्य दिसतं, त्यावरून तिचा कार्यकर्ता वर्ध्यात नाही असं कुणी म्हणणार नाही. कोल्हापूर उत्तरला काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने शेवटच्या क्षणी माघार घेतली आणि पक्षाने अपक्षाला पाठिंबा दिला. म्हणून काँग्रेसचा रकाना रिकामा. टक्का वापरायचाच असेल तर आघाडीचा वापरा, पक्षाचा नको.

मुंबई-ठाण्याचं काय?

मुंबईत ३६ पैकी महायुती २२, आघाडी १४. ठाकरेंच्या २० पैकी १० जागा या एका शहरातल्या. मुंबईचे जिल्हे दोन: शहर (१० जागा) आणि उपनगर (२६). शहरात आघाडी ६-४ ने पुढे, उपनगरात महायुती १८-८ ने. हा फरक कामाचा आहे, पण उपनगर जिल्हा म्हणून धरला तर बोरिवली आणि मानखुर्द-शिवाजीनगर एका पिशवीत येतात. इथे मतदारसंघ आणि त्याखालचा वॉर्ड एवढंच माप चालतं. ठाण्यातही १८ जागांत ऐरोली आणि शहापूर यांना एकत्र बांधणारं काही नाही.

मग घ्यायचं काय?

झेडपी किंवा पंचायत समितीचा विचार असेल तर जिल्हा, आणि त्याआत आपला मतदारसंघ केंद्रनिहाय. महापालिकेसाठी जिल्हा सोडून द्या. राज्याच्या लाटेबद्दल लिहायचं असेल तर विभाग आणि आघाडीचा टक्का एकत्र. फक्त अहिल्यानगर कुठे धरलं ते पहिल्याच ओळीत लिहा. लोकसभेचं माप लोकसभेशी तुलना करण्यापुरतंच ठेवा.

तक्ता करायला बसणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मतदारसंघांचे क्रमांक जिल्ह्यानुसार सलग आहेत: पुणे १९५ ते २१५, सोलापूर २४४ ते २५४, सातारा २५५ ते २६२, कोल्हापूर २७१ ते २८०. त्यामुळे निवडणूक आयोगाची यादी क्रमांकाने लावली की जिल्हे आपोआप वेगळे होतात. जिल्ह्यांची नावं बदलली तरी मतदारसंघांची जुनीच आहेत, म्हणून धाराशिव जिल्ह्यात ‘उस्मानाबाद’ मतदारसंघ सापडेल. सीमा २००८ च्या पुनर्रचनेच्या, तेव्हा २००९ पासूनच्या चारही निवडणुका एकमेकांशेजारी ठेवता येतात. फक्त २००९ च्या ठाण्यात २४ जागा दिसतील, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. केंद्रनिहाय मतांसाठी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा फॉर्म २० उघडा. त्यात टपाली मतं केंद्रांच्या मतांपासून वेगळी दाखवलेली असतात, ती बेरजेत घ्यायला विसरू नका. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आणि मालेगाव मध्यमध्ये एमआयएम १६२ मतांनी जिंकली; अशा ठिकाणी ती ओळ सुटली तर तुमच्या तक्त्यात विजेताच बदलू शकतो.