तुवालू की न्युए?

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवर जायचं ठरलंय, सामोआ-टोंगा फार मोठे वाटतात आणि नकाशावर बोटाखाली झाकला जाईल असाच देश पाहायचाय, तर तुवालू आणि न्युए ही दोन नावं समोर येतात. दोन्हीकडे जाणं खिशाला परवडणारं नाही, तेव्हा एकच निवडायचं.

आधी वाट पाहू, कारण भारतीय पासपोर्टवाल्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो. तुवालूचं विमान फिजीहून सुटतं, न्युएचं ऑकलंडहून. न्युएला थोड्या दिवसांसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण ऑकलंडला उतरायचं म्हणजे न्यूझीलंडचा व्हिसा आलाच. फिजीमार्गे ही कटकट कमी. शिवाय न्युएला जाताना वाररेषा ओलांडावी लागते. मंगळवारी निघालात तर सोमवारी पोहोचता, हॉटेलची तारीख त्या हिशेबाने घ्या.

जमीन म्हणाल तर दोघांत काहीच साम्य नाही. तुवालू म्हणजे नऊ बेटं मिळून जेमतेम २६ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच जागाही पाचेक मीटरच्या आत. राजधानी फुनाफुटीत काही ठिकाणी एका हाताला शांत खाजण, दुसऱ्या हाताला खवळलेला समुद्र आणि मधे फक्त रस्ता. नदी नाही, पिण्याला पावसाचं पाणी. २०११ साली पाऊस रुसला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली होती. न्युए मात्र एकच बेट, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. समुद्रातून वर उचलला गेलेला प्रवाळाचा खडक आहे तो, लोकही त्याला ‘द रॉक’ म्हणतात. कडे, घळी, गुहा आणि काचेसारखं पाणी. नदी-ओढे नसल्याने समुद्रात गाळ जातच नाही. जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक व्हेल किनाऱ्याजवळ येतात. वाळूचा लांबलचक किनारा मनात असेल तर मात्र न्युए विसरा.

कारभारात गंमत आहे. तुवालू १९७८पासून स्वतंत्र, २०००पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य, राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा. संसदेत १६ जण, पक्ष एकही नाही. न्युए १९७४पासून स्वशासित, पण न्यूझीलंडशी जोडलेला, तिथले लोक न्यूझीलंडचेच नागरिक. त्यामुळे बेटावर उरले दीड-पावणेदोन हजार, आणि न्यूझीलंडमध्ये त्यांच्या कितीतरी पट. तरी विधानसभेत २० जण! दर ८०-८५ माणसांमागे एक आमदार, म्हणजे तो बहुधा नात्यातलाच निघणार. तुवालूत सुमारे १० हजार लोक, त्यातले निम्म्याहून जास्त फुनाफुटीत दाटीवाटीने. तेही आता निघू लागलेत. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फलेपिली कराराने दरवर्षी २८० जणांना तिथे कायमचं राहायला जाता येतं.

पोटापाण्याचं बोलायचं तर तुवालू नशीबवान. ट्यूना पकडणाऱ्या परदेशी बोटींच्या परवान्यांचे पैसे मिळतात, त्यात इंटरनेटच्या पत्त्यांसाठी वाट्याला आलेली दोन अक्षरं नेमकी ‘टीव्ही’ निघाली. तीच भाड्याने देऊन देश कमावतो. न्युएच्या वाट्याला ‘एनयू’ आलं. स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे ‘आत्ता’, म्हणून स्वीडनमध्ये ते जोरात खपलं, पण आपल्या हाती फारसं काही लागलं नाही ही न्युएची तक्रार. बाकी तिथला गाडा न्यूझीलंडची मदत आणि पर्यटक ओढतात. म्हणूनच राहण्या-फिरण्याची सोय न्युएत बरी. तुवालू तुमच्यासाठी सजून बसलेला नाही.

पोहायचं, कड्यांतून भटकायचं, रात्री लख्ख तारे पाहायचे असतील तर न्युए, आणि तेही व्हेलच्या मोसमात. लहान मुलं किंवा आईवडील सोबत असले तरी न्युएच. पण माझं मत विचाराल तर तुवालू. तिथे ‘पाहण्यासारखं’ फार नाही, फक्त लोकांमध्ये बसायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली धावपट्टी हेच गावाचं मैदान आहे. विमान येण्याआधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. विमान नसलं की संध्याकाळी तिथेच फुटबॉल, व्हॉलीबॉल रंगतो.

जाताना ऑस्ट्रेलियन डॉलर रोख न्या. तुवालूत पहिलं एटीएम सुरू झालं ते थेट एप्रिल २०२५मध्ये.