रुग्णवाहिकेत दोन वर्षे वापरलेला पल्स ऑक्सिमीटर

आमच्या रुग्णवाहिकेच्या पिशवीत गेली दोन वर्षे बोटाला लावायचा, चिमट्याच्या आकाराचा एक पल्स ऑक्सिमीटर आहे आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून मी तो जवळजवळ प्रत्येक कॉलवर वापरला आहे. उपकरण उपयुक्त आहे. मात्र त्याचा आकडा कधी मानायचा आणि कधी बाजूला ठेवायचा हे ज्याला कळते, त्याच्याच हाती ते द्यावे.

लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा व नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो यावरून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी काढायची, हे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. म्हणजेच नाडीच क्षीण असेल तर यंत्राला मोजायला काही उरत नाही. रक्तस्रावाने गार पडलेल्या बोटावर आमचा ऑक्सिमीटर रिकाम्या रेघा दाखवण्याऐवजी आधीचाच आकडा काही क्षण धरून ठेवतो, आणि हा मला त्याचा सर्वांत गंभीर दोष वाटतो. म्हणून मी पडद्यावरच्या लहरी नियमित उमटत आहेत का आणि यंत्राचे ठोके मनगटावर हाताने मोजलेल्या नाडीशी जुळतात का, हे आधी पाहते. गडद नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट निवडते.

एकदा बंद खोलीत जनरेटर चालू राहिल्याने एक गृहस्थ बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होते. खोलीत घुसण्याची घाई न करता, आत जाणे सुरक्षित झाल्यावरच आम्ही त्यांना मोकळ्या हवेत आणले. ऑक्सिमीटर ९९ टक्के दाखवत होता, पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन (रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) या साध्या यंत्राला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. डोकेदुखी, मळमळ, वाढती गुंगी आणि खोलीतला धूर एवढ्यावरून आम्ही मास्कने पूर्ण प्रवाहाचा ऑक्सिजन लगेच सुरू केला. त्या आकड्यावर विसंबलो असतो, तर बहुमोल वेळ गेला असता.

श्वासाच्या बाबतीतही सावध राहावे लागते. ऑक्सिजन चालू असलेला रुग्ण मिनिटाला जेमतेम ८ श्वास घेत असला, तरी आकडा बराच वेळ ९८ राहू शकतो, कारण श्वास मंदावल्याने रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजतच नाही. तेव्हा छातीवर नजर ठेवून श्वास मोजण्याला पर्याय नाही. याउलट, फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजारात ८८ ते ९२ टक्के हेच योग्य लक्ष्य असते आणि तिथे याच चिमट्याने ऑक्सिजन बेताने देण्यास आम्हाला उत्तम साथ दिली आहे.

बांधणीविषयी फारशी तक्रार नाही. सेल बरेच दिवस टिकतात, पुसून घेणे सोपे आहे, पण भर उन्हात पडदा नीट वाचता येत नाही. तान्ह्या बाळांच्या बोटांना हा चिमटा मुळीच बसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पायाला गुंडाळायचा वेगळा सेन्सर आम्ही याच पिशवीत ठेवतो.