डिजिटल मानव्यविद्येच्या संस्थेचं सभासदत्व: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये डिजिटल मानव्यविद्येच्या, म्हणजे साहित्य-इतिहासासारख्या विषयांचा अभ्यास संगणकाच्या मदतीने करणाऱ्यांच्या, एका संस्थेची वर्गणी भरली आणि डिसेंबरच्या अखेरीस नूतनीकरणाची सूचना आली. आधी वाटलं, चुकून पाठवली असेल. पावती काढून पाहिली, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: सभासदत्व ३१ डिसेंबरपर्यंत. वर्गणी पूर्ण वर्षाची आणि हाती आले अडीच महिने. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पण ही तारीख पैसे भरण्याआधी अर्जावर कुठेही दिसत नव्हती, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

राग जास्त येण्याचं कारण म्हणजे त्या अडीच महिन्यांत मी जे जे वापरलं ते सभासद नसतानाही मिळालं असतं. जुने मजकूर संगणकावर खुणा घालून कसे नोंदवायचे हे सांगणारी टीईआयची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांना खुली आहेत. प्रोग्रामिंग हिस्टोरियन या संकेतस्थळावरचे संगणकी पद्धतींचे धडे इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा चार भाषांत मोफत आहेत. संदर्भांची नोंद ठेवणारं झोटेरोही मोफत. डारिया आणि क्लॅरिन या संशोधनाच्या सोयी पुरवणाऱ्या युरोपीय जाळ्यांचे सभासद तर देश असतात, तिथे तुम्हीआम्ही वर्गणी भरायचा प्रश्नच नाही. एकट्याने काम करणाऱ्या अभ्यासकाला उरतात त्या युरोपची ईएडीएच, अमेरिकेची एसीएच, जपानची जेएडीएच, फ्रेंच भाषकांची ह्युमॅनिस्टिका यांच्यासारख्या संघटना. त्यांना एका छत्राखाली आणणारी एडीएचओ २००५ पासून आहे. ईएडीएच तर १९७३ साली एएलएलसी या नावाने सुरू झाली. इतक्या जुन्या क्षेत्रात वर्गणीचा अर्ज नीट असावा, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

मी खजिनदारांना पत्र लिहिलं: उरलेले महिने पुढच्या वर्षात धरा. नऊ दिवसांनी उत्तर आलं. नियम बदलता येणार नाही, असं त्यात होतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं की कार्यकारिणीतले सगळे बिनपगारी आहेत, शिकवणं आटोपल्यावर रात्री हिशेब पाहतात आणि पगारी कर्मचारी एकही नाही. ते वाचून माझा आवाज खाली आला. आक्षेप मात्र तसाच राहिला.

जानेवारीत मी पुन्हा पैसे भरले, खरं सांगायचं तर नाखुशीनेच. संस्थेत नव्या सभासदाला अनुभवी सभासदाशी जोडून देतात, ती सोय एकदा वापरून पाहायची होती.

तिथून माझं मत फिरलं. मी एक जुनी हस्तलिखित रोजनिशी टंकित करत होतो. लिहिणाऱ्याने एक तारीख खोडून वर दुसरी लिहिली होती, आणि समासात वेगळ्या शाईत, बहुधा वेगळ्या हाताने, तिसरी. चार महिने मी फक्त मला बरोबर वाटलेली तारीख ठेवत आलो होतो. मला जोडून दिलेल्या ज्येष्ठ संपादिकेने पहिल्याच संभाषणात विचारलं, 'खोडलेलं कुठे गेलं?' मग तिने शेजारी बसवावं तसं पडद्यावर दाखवलं: टीईआयच्या खुणांपैकी खोडलेल्या मजकुराला 'डेल', वर लिहिलेल्याला 'ॲड', दोन्हींना एकत्र बांधायला 'सब्स्ट'. कुणाच्या हातचं ते 'हँड'ने नोंदवायचं आणि वाचनाची खात्री किती ते 'सर्ट'ने. हे सगळं मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, मी वाचलंही होतं. पण हजारो ओळींच्या त्या ग्रंथातलं नेमकं काय आपल्या पानाला लागू पडतं, हे सांगायला माणूस लागतो. जुनी साठ पानं मी पुन्हा केली. आता वाचणाऱ्याला तिन्ही तारखा दिसतात आणि त्यांतली माझी निवड कुठली तेही कळतं.

टीईआयचं काम १९८७ मध्ये सुरू झालं, आज चालणारी पी५ आवृत्ती २००७ ची आहे आणि तिच्यात अजूनही वर्षातून साधारण दोनदा सुधारणा निघतात. त्या करणारी माणसं अशीच, आपली नोकरी सांभाळून येणारी. वर्गणी कुठे जाते हे मला तेव्हा समजलं. फुकट मिळणारी गोष्ट कुणीतरी राखावी लागते.

परिषदेच्या शुल्कात सभासदांना सवलत असते. मी अजून गेलेलो नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही. संस्थेचं मासिक वार्तापत्र मी दोनदा उघडलं, पुढे बंद केलं.

आता पुन्हा त्या तारखेकडे. मार्चमध्ये मी अर्जासाठी एका ओळीचा मजकूर लिहून पाठवला: 'सभासदत्व वर्षअखेरीस संपते.' खजिनदारांनी आभार मानले, पुढच्या बैठकीत मांडतो म्हणाले. कालच अर्ज उघडून पाहिला, ओळ आलेली नाही. तेव्हा घ्यायचं असेल तर जानेवारीत घ्या. वर्षाच्या शेवटी घेत असाल, तर पैसे पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा की वर्गणी पुढच्या वर्षात धरणार का, आणि उत्तर हाती येईपर्यंत थांबा. मी या आठवड्यात तीच ओळ पुन्हा पाठवतोय.