मँचेस्टरची ‘ॲकॅडेमिक फ्रेझबँक’: साचे फुकट, मुद्दा मात्र तुमचाच हवा

ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्या आपल्या मुलांच्या पहिल्या असाइनमेंटवर एक शेरा हमखास पडतो: ‘टू डिस्क्रिप्टिव्ह’. कोण काय म्हणालं ते सगळं आलं, तुमचं म्हणणं कुठाय? मुद्दे भरून पानं वाढवायची सवय तिथे नडते.

मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी तयार केलेली ‘ॲकॅडेमिक फ्रेझबँक’ ही वेबसाइट अशा वेळी कामाची आहे. अभ्यासपूर्ण लेखनात लागणाऱ्या इंग्रजी वाक्यांचे तयार साचे तिथे विभागवार मिळतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही. ‘रेफरिंग टू सोर्सेस’ हा विभाग सगळ्यात आधी उघडा. एका ठरावीक अभ्यासाबद्दल लिहिताना साधा भूतकाळ (‘द स्टडी फाउंड’), एकूण संशोधनाबद्दल ‘सेव्हरल स्टडीज हॅव शोन’, ही फोड नमुन्यांवरून लगेच कळते. लिटरेचर रिव्ह्यूमधला (आधीच्या संशोधनाच्या आढाव्यातला) काळांचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

‘बीइंग कॉशस’ही वाचाच. पन्नास जणांच्या सर्व्हेवर ‘धिस प्रूव्ह्ज’ लिहून मोकळं होणाऱ्यांसाठी तिथे ‘सजेस्ट्स’, ‘मे’, ‘अपिअर्स टू’ आहेत. यातलं एका वाक्यात एकच घ्या. ‘मे पॉसिब्ली सजेस्ट’ लिहिलंत की वाक्यात दम उरत नाही.

खरी फसगत ‘बीइंग क्रिटिकल’मध्ये होते. ‘सँपल लहान आहे’ छापाचं वाक्य आयतं मिळतं आणि मुलं ते सगळीकडे चिकटवतात. पंधरा सविस्तर मुलाखतींवर बेतलेल्या गुणात्मक अभ्यासाला, जिथे सँपल लहानच असतं, ते चिकटवलंत, तर पेपर नीट वाचलेला नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. पेपरची पद्धत आणि निष्कर्ष यांचा मेळ बसतो का, हे आधी स्वतः पाहायचं. दावा, पुरावा आणि ‘मग काय?’ हे तीन मुद्दे मोडक्यातोडक्या भाषेत, हवं तर मराठीत, लिहून काढा आणि मगच साचा शोधा. एका परिच्छेदात दोन साचे पुष्कळ झाले, नाहीतर ‘गाळलेल्या जागा भरा’ होतं.

टर्निटिनमध्ये (उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असे चार-पाच शब्द रंगले म्हणून घाबरू नका, ते सर्वांच्याच वापरातले असतात. दुसऱ्याचा विचार संदर्भाशिवाय उचलणं हा गुन्हा.

उणिवा? रचना प्रबंधाच्या प्रकरणांना धरून आहे, त्यामुळे दोन हजार शब्दांच्या निबंधाला निम्मे विभाग लागत नाहीत. हार्वर्ड किंवा एपीए पद्धतीची संदर्भसूची कशी लिहायची, हे इथे शोधू नका. त्यासाठी लायब्ररीचं गाइड आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बरं. पीडीएफ विकत मिळते, पण वेबसाइटवर भागतं.