व्हीलचेअर टॅक्सी, दिवाळीपासून आषाढापर्यंत: रॅम्प चांगला, बेल्ट चांगले, वेटिंगचा हिशोब मान्य नाही

गेल्या आठवड्यात व्हीलचेअर टॅक्सीच्या बिलावरून कंपनीशी वाजलं, म्हणून आज लिहायला बसलो. रक्कम बघाल तर म्हणाल, एवढ्यासाठी कशाला भांडायचं? पण मी नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलंय. कुठल्या छोट्या गोष्टीतून अपघात होतो हे मला कळतं, आणि या बिलात ती गोष्ट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गाडी सांगतो. छोटी व्हॅन, मागची सीट काढलेली, मागच्या दारातून उघडणारा ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प, तळाला बेल्ट अडकवायचे ट्रॅक. पत्नीला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपी कॉलेज रोडला, घर सिडकोत. आधी रिक्षाने न्यायचो. म्हणजे मी आणि शेजारचा मुलगा, एकजण काखेतून, एकजण गुडघ्याखालून. नेताना दोनदा, आणताना दोनदा. शेजारचा मुलगा भला आहे, कधी नाही म्हणाला नाही. पण हिचा चेहरा त्या वेळी मी पाहायचो. पदर सरकतो, साडी वर जाते, रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. दिवाळीनंतर ही टॅक्सी सुरू केली आणि ते सगळं बंद झालं. भाडं साध्या टॅक्सीच्या दुप्पट आहे, तरी या एका कारणासाठी मी ते देतो.

आता रॅम्प. इमारतीच्या रॅम्पला एकास बारा उतार धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. व्हॅनचा तळ रस्त्यापासून दीड फूट वर असेल तर त्या हिशोबाने अठरा फूट लांब रॅम्प लागेल. तो कुठे ठेवणार? गाडीत सहा फुटी रॅम्प येतो. हिचं वजन बासष्ट किलो, खुर्ची अठरा, एकूण ऐंशी. सहा फुटात दीड फूट चढायचं म्हणजे वजनाचा चौथा भाग ढकलावा लागतो, वीस किलोचा सलग जोर, वर चाकांचं घर्षण वेगळं. धडधाकट ड्रायव्हरला जमतं. साठी ओलांडलेल्या माणसाने एकट्याने करू नये.

पण जागा नीट निवडली तर हा जोर बराच कमी होतो, आणि हे कोणी सांगत नाही. गाडीचा मागचा भाग फुटपाथकडे करून रॅम्पचं टोक फुटपाथवर टेकवलं, आणि फुटपाथ अर्धा फूट उंच असला, तर चढ एक फुटावर येतो. जोर तेरा-चौदा किलो. रस्त्याला उतार असेल तर गाडीची पाठ चढाच्या बाजूला ठेवायची, रॅम्प तेवढा सपाट होतो. पंचवटीत मेहुणीकडे जातो तेव्हा गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या गल्लीत आम्ही असंच करतो. फक्त मग आतला तळही पुढे उतरता होतो, खुर्ची पुढे पळायला बघते. म्हणून बेल्ट लागेपर्यंत ब्रेक लावून एकाने ती धरून ठेवायची.

रॅम्पच्या पायथ्याशी एक अडचण नेहमी येते. रस्ता आणि रॅम्प जिथे मिळतात तिथे खुर्चीचे फूटरेस्ट रॅम्पला घासतात. हिचा उजवा पाय फूटरेस्टवरून आपोआप घसरतो, तिला ते कळतही नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ढकलताना ड्रायव्हरने एकदम हात थांबवला. पाहिलं तर हिची टाच रॅम्पची कड आणि फूटरेस्टच्या मध्ये आली होती. चप्पल होती म्हणून निभावलं. तेव्हापासून घरातून निघतानाच फूटरेस्ट दोन भोकं वर घेतो आणि दोन्ही पोटऱ्यांच्या मागून रुंद सुती पट्टी बांधतो. साडीचा पदर आणि निऱ्या चाकापासून दूर, मांडीखाली खोचलेल्या. बायकांना खुर्चीवरून नेणाऱ्यांनी हे आधी बघावं. मोठ्या चाकात पदर अडकला तर ओढ थेट मानेला बसते.

मागून चढवण्याबद्दल माझं मत सुरुवातीला वाईट होतं. माणसाला टेम्पोत माल भरल्यासारखं मागून का भरायचं, असं मी कंपनीच्या माणसाला बोललो होतो. हिलाही ते आवडत नव्हतं. मग संक्रांतीच्या सुमारास ही गाडी मिळाली नाही म्हणून दुसऱ्याकडची, बाजूच्या दाराची गाडी मागवली. दिसायला छान, दार सरकतं, रॅम्प फुटपाथच्या बाजूला निघतो. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला मोटारसायकली उभ्या. रॅम्प उघडायला आणि त्याच्या पुढे खुर्ची वळवायला मिळून आठ-नऊ फूट मोकळी जागा हवी. ती नव्हती. शेवटी कोपऱ्यापर्यंत खुर्ची ढकलत नेली. आत गेल्यावर खुर्ची नव्वद अंशात वळवायची, आणि त्या वळणात हिचा पाय समोरच्या सीटला आपटला. आडवं बसवून न्यायचं तर प्रश्नच नाही. आडव्या बसलेल्या माणसाला धडकेत बेल्टचा धड आधार मिळत नाही. मागच्या दारातून खुर्ची सरळ आत जाते आणि माणूस आपोआप रस्त्याकडे तोंड करून बसतो. उतरवताना पाठ उताराकडे असते, ढकलणारा खाली उभा असतो, म्हणजे माणूस पुढे फेकला जायची भीती नाही. आता मी मागच्या दाराचाच आग्रह धरतो.

त्याचे तोटे आहेत, ते राहतील. पहिला म्हणजे रॅम्प मागच्या गाड्यांच्या तोंडावर उघडतो. कॉलेज रोडवर संध्याकाळी हे जिवावरचं काम आहे. आमचे नेहमीचे ड्रायव्हर दादा इमारतीच्या आवारात गाडी उलटी घेतात, चारही इंडिकेटर लावतात, मगच दार उघडतात. रस्त्यावर उतरवू का म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. दुसरा, खुर्ची मागच्या चाकांच्या जवळ येते, म्हणून खड्डा पुढे बसलेल्याला लागतो त्याच्या कितीतरी जास्त हिला लागतो. पावसाळा सुरू झाल्यापासून तीसच्या वर गाडी घेऊ देत नाही. तिसरा तोटा मला आधी सुचलाच नव्हता. खुर्चीवर माणूस सीटपेक्षा उंच बसतो, त्यामुळे खिडकीची वरची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते. हिला बाहेरचं काही दिसत नाही, रस्त्याचा काठ आणि झाडांची खोडं तेवढी. मायको सर्कल आलं, उंटवाडी आली, हे मी शेजारच्या सीटवरून सांगत जातो.

बेल्टचं मात्र सविस्तर लिहितो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. खुर्चीचे ब्रेक घट्ट लावले की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते ब्रेक खुर्ची घरात उभी ठेवण्यासाठी असतात, गाडी थांबताना त्यांचा काही उपयोग नाही. खुर्चीला चार बेल्ट लागतात, दोन पुढे, दोन मागे. हूक खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला, वेल्ड केलेल्या जागी. चाकाला, फूटरेस्टला, खुर्चीच्या निघणाऱ्या हाताला (आर्मरेस्टला) कधीही नाही. समोरून धडक झाली तर खरा ताण मागच्या दोन बेल्टवर येतो, ते तळाशी तीस ते पंचेचाळीस अंशात असावेत. हे चार झाले खुर्चीचे. माणसाचा बेल्ट वेगळा, गाडीला अडकवलेला. कमरेचा पट्टा पोटावर न ठेवता खाली कमरेच्या हाडावर, खुर्चीच्या हाताच्या आतून नेलेला, आणि खांद्यावरून तिरका पट्टा. खुर्चीला शिवलेला जो पट्टा असतो तो नीट बसण्यापुरता, अपघातासाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

खुर्चीचंही सांगतो. गाडीत सीट म्हणून चालणाऱ्या खुर्चीसाठी आयएसओ 7176-19 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ताशी 48 किलोमीटरची समोरची धडक देऊन खुर्ची तपासतात, आणि अशा खुर्चीवर बेल्ट लावायच्या चार जागी हुकाची खूण असते. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या घडीच्या खुर्च्यांवर मला ती खूण दिसली नाही. आमच्या खुर्चीवरही नाही. म्हणून ज्याला उचलून का होईना, सीटवर बसता येतं त्याने सीटवर बसावं आणि खुर्ची घडी करून मागे बांधावी, हे खरं सुरक्षित. हिला सीटवर तोल राखता येत नाही, म्हणून आम्ही खुर्चीवरच नेतो, आणि म्हणूनच बेल्टच्या बाबतीत मी कोणाला सूट देत नाही.

हे सगळं नीट करायला आठ-नऊ मिनिटं लागतात. नेहमीचे दादा शांतपणे करतात. एकेक बेल्ट ताणून खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघतात, मग हिला विचारतात, "मावशी, टोचत नाही ना कुठं?" आता कंपनीचा नियम ऐका. गाडी दारात आली की ड्रायव्हर मोबाइलवर 'पोहोचलो' दाबतो. पाच मिनिटं फुकट, पुढे मिनिटाला तीन रुपये वेटिंग. म्हणजे बेल्ट नीट लावले की प्रत्येक खेपेला नऊ ते बारा रुपये जास्तीचे, उतरवताना वेगळे. ज्या कामासाठी दुप्पट भाडं घेता, त्याच कामाचा वेळ वेटिंग म्हणून लावता? मी उशीर केला, लिफ्ट अडकली, औषधाची पिशवी घ्यायला परत वर गेलो, तर जरूर लावा. रॅम्प आणि बेल्ट ही तुमची सेवा आहे.

पैशांपेक्षा पुढचा भाग वाईट. मागच्या महिन्यात दादा सुट्टीवर होते, बदली ड्रायव्हर आला. तरुण पोरगा, बोलायला चांगला. मागचे दोन बेल्ट लावले आणि दार लावायला निघाला. मी म्हटलं, पुढचे? तो म्हणाला, "काका, जवळच जायचंय, उगाच वेटिंग लागेल तुम्हाला." माझे पैसे वाचवायच्या भावनेनेच बोलला तो. मी आग्रह धरून एक लावून घेतला. दुसऱ्याचा हूक अडकत होता, तो तसाच राहिला आणि मागून हॉर्न सुरू झाले. उंटवाडीजवळ सिग्नल सुटला, त्याने गाडी जोरात काढली आणि खुर्चीचं पुढचं डावं चाक तळापासून बोटभर उचललं गेलं. मी हात घालून खुर्ची दाबली. हिने माझं मनगट धरलं ते कॉलेज रोड येईपर्यंत सोडलं नाही. बेल्ट पुढेही लागतात ते यासाठीच. गाडी झेपावते किंवा धडकेनंतर उलटा झटका बसतो तेव्हा खुर्ची मागे कलते.

कंपनीला फोन केला. बाई नम्र होत्या, "सर, सिस्टिममध्ये तसंच आहे" यापलीकडे काही नाही. बदली ड्रायव्हरला समज देऊ म्हणाल्या. मी सांगितलं, पोराला समज देऊन काय होणार, घड्याळ तुमचं आहे. गेल्या आठवड्याच्या बिलात वेटिंग परत लागलं, तेव्हा मी ती वेटिंगची रक्कम भरायला नकार दिला.

माझी मुलगी लंडनला असते, तिने तिथला नियम शोधून पाठवला. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यातलं कलम 165 टॅक्सीसाठी 6 एप्रिल 2017 पासून लागू झालं. स्थानिक कौन्सिलच्या यादीतल्या व्हीलचेअर टॅक्सीच्या ड्रायव्हरने प्रवाशाला मदत करायची, जास्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर 1000 पौंडांपर्यंत दंड. आणि तिथल्या सरकारच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलंय की प्रवासी चढत, उतरत असताना किंवा खुर्ची बांधली जात असताना मीटर चालू ठेवायचा नाही. हेच तर मी म्हणतोय. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 41 वाहतुकीबद्दल आहे, पण बेल्ट लावतानाच्या मिनिटांपर्यंत ते पोहोचत नाही. कायदा येईपर्यंत थांबायचंही कारण नाही, मोबाइलमधलं एक बटण बदलायचं आहे. 'पोहोचलो' ऐवजी 'चारही बेल्ट लावले' दाबल्यावर घड्याळ सुरू करा. ड्रायव्हरला घाई राहणार नाही आणि बेल्ट लावल्याची नोंदही होईल.

पावसाचं थोडक्यात. रॅम्पवर काळी खरखरीत पट्टी आहे, पण मधल्या जोडाजवळ ती उखडली आहे आणि तिथे बूट सरकतो. नवीन पट्टी लावा म्हणून दोनदा सांगितलं, अजून झालेलं नाही. आम्ही जुनी गोणपाटाची पट्टी सोबत ठेवतो.

एवढं सगळं असून संक्रांतीनंतर ही पंचवटीत बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. काठपदराची साडी नेसून, कोणी न उचलता, खुर्चीवरूनच गाडीतून उतरली. वर्षभरात पहिल्यांदा तिने स्वतः वाण दिलं, डाव्या हाताने. त्या दिवशीचं वेटिंगही बिलात आलं होतं, मी भरलं होतं.

बिलावर कंपनीचं उत्तर 'टीमकडे पाठवलंय' एवढंच आलं आहे. वादाची रक्कम सोडून बाकीचं भाडं मी भरलंय. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी, नाशिकमध्ये खुर्चीवरच्या माणसाला सन्मानाने नेणारं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारा: खुर्चीला चार बेल्ट आणि माणसाला वेगळा बेल्ट आहे का, दार मागचं आहे की बाजूचं, आणि वेटिंग नक्की कोणत्या क्षणापासून धरतात. तिसऱ्याचं उत्तर मेसेजवर लेखी मागून घ्या.