फ्रीबीएसडी सोर्समधून अपग्रेड: जुन्याला सांभाळून घेतं, पण अटी आहेत

मी फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमचं मेजर व्हर्जन सोर्समधूनच, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधून, अपग्रेड करतो. बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट आणि मगच इन्स्टॉलवर्ल्ड. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, वर्ल्ड म्हणजे यूजरलँड: त्या गाभ्यावर चालणारे सिस्टीमचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी. हा क्रम पाळायचाच, कारण नव्या कर्नलवर जुना यूजरलँड चालतो. उलटं चालेल याची हमी नाही.

खरी दाद कॉम्पॅट पर्यायांना, म्हणजे जुन्या व्हर्जनचे प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या कर्नलमधल्या सोयींना. 2018 च्या 12.0 मध्ये आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलसिस्टीममधला फाइलचा ओळख क्रमांक, 32 वरून 64 बिटांचा झाला, म्हणजे फाइलची माहिती देणारं स्टॅट आणि डिरेक्टरीतली नोंद देणारं डायरेंट या स्ट्रक्चरची रचनाच बदलली. जुन्या बायनरीने (आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमने) डिरेक्टरी वाचायला घेतली की सगळं बिघडायला हवं. तसं होत नाही, कारण कर्नल जुने सिस्टीम कॉल (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतात ती दारं) त्यांच्या जुन्या क्रमांकांवर जपून ठेवतो आणि लिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये सिंबॉल व्हर्जनिंग, म्हणजे एकाच फंक्शनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सोबत ठेवायची सोय, आहे. माझ्याकडे 11 च्या काळातली एक बायनरी आहे, सोर्स कधीच मिळणार नाही अशी. जुन्या यूजरलँडच्या जेलमध्ये (त्याच कर्नलवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) ती बिनतक्रार चालते. सिस्टीमसोबत येणाऱ्या जेनेरिक कर्नलमध्ये हे कॉम्पॅट पर्याय असतातच. कर्नल सडपातळ करायच्या हौसेत ते उडवू नका.

वैताग येतो तो डिलीट-ओल्ड-लिब्जचा, म्हणजे अपग्रेडनंतर जुन्या लायब्ररी पुसणाऱ्या कमांडचा. 'कोणी वापरत नाही ना, बघून घ्या' एवढा इशारा देऊन ती एकेक फाइल पुसू का विचारत बसते. कोणतं पॅकेज त्या लायब्ररीवर अवलंबून आहे ते मात्र सांगत नाही. म्हणून आधी सगळी पॅकेजं नव्याने, मग ही सफाई. ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल तर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावंच लागतं, तिथे कॉम्पॅट कामाला येत नाही.