वेळेचा राग वेळेवर: लिनक्सवरील एमपीडी आणि सिस्टमडी टायमरचा दोन वर्षांचा अनुभव

माझ्या वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे. मिरजेत आयुष्य गेल्यामुळे गाणे त्यांच्या अंगात मुरलेले आहे आणि रागाची वेळ पाळण्याविषयी ते अतिशय काटेकोर आहेत: पहाटे ललत किंवा भैरव, उन्हे वर आली की तोडी, दुपारी सारंग, दिवस कलताना मुलतानी, तिन्हीसांजेला पूरिया किंवा मारवा, दिवे लागले की यमन. दृष्टी अधू झाल्यापासून मोबाईल आणि रिमोट या दोन्ही वस्तू त्यांच्या उपयोगाच्या उरल्या नाहीत, आणि आम्ही दिवसभर कामावर. त्यांनी कुणालाही हाक न मारता त्यांच्या खोलीत योग्य प्रहरी योग्य राग सुरू व्हावा, एवढीच माझी गरज होती. त्यासाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मी जी व्यवस्था उभी केली, ती आता दोन वर्षे चालू आहे. तिच्यातील दोन मुख्य घटकांचे, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन ऊर्फ एमपीडी आणि सिस्टमडीचे (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर यांचे, हे परीक्षण.

सुरुवात मी क्रॉन या जुन्या वेळापत्रक चालवणाऱ्या प्रोग्रॅमने केली होती, कारण लिनक्सवर ठरलेल्या वेळी काही करायचे म्हटले की सगळे प्रथम क्रॉनचेच नाव घेतात. घरातल्या डेस्कटॉपवर, क्रॉनटॅब या त्याच्या वेळापत्रकाच्या फाईलमध्ये, मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे भरून पुढे एमपीव्ही या प्लेअरला फाईल वाजवण्याची कमांड दिली. टर्मिनलमध्ये हाताने दिलेली तीच कमांड व्यवस्थित वाजत होती. सकाळी सहाला मात्र खोलीत शांतता. कारण समजायला दोन दिवस गेले. डेस्कटॉपवर पाईपवायर किंवा पल्सऑडिओ हा आवाजाचा सर्व्हर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या सेशनमध्ये चालतो, आणि क्रॉन आपले काम त्या सेशनच्या बाहेर, अगदी मोजक्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या आधारे करतो. त्यामुळे त्याने सुरू केलेल्या प्लेअरला आवाज कुठे पाठवायचा हेच कळत नाही. ते व्हेरिएबल क्रॉनटॅबमध्ये लिहून देता येते, पण हा उपाय म्हणजे ठिगळ आहे. शिवाय चालू गाणे थांबवायचे असेल तर त्या प्लेअरची प्रोसेस शोधून ती बंद करावी लागते, हे मला मुळीच रुचले नाही.

एमपीडीची रचना वेगळी आहे आणि या कामासाठी तीच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. २००३ पासून विकसित होत असलेला, मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळणारा हा प्लेअर पार्श्वभूमीवर कायम चालू असतो. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. तो ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर सूचनांची वाट पाहतो आणि त्या सूचना त्याला कोणीही देऊ शकतो: फोनवरील अ‍ॅप, दुसऱ्या खोलीतील लॅपटॉप, किंवा एमपीसी ही टर्मिनलमधील लहानशी कमांड. ध्वनिकार्डाशी व्यवहार फक्त एमपीडी करतो. एमपीसी निरोप पोचवून मोकळी होते. त्यामुळे निरोप कुठल्या सेशनमधून आला याला काही महत्त्व उरत नाही, आणि क्रॉनमध्ये मला जी अडचण आली ती इथे मुळातच उद्भवत नाही. माझ्या रास्पबेरी पायवर एमपीडी सिस्टम सेवा म्हणून, म्हणजे कुणाच्याही लॉगिनविना, चालतो आणि थेट अल्साकडे, म्हणजे लिनक्सच्या ध्वनिकार्ड हाताळणाऱ्या मूळ थराकडे, आवाज देतो. डेस्कटॉपवर वापरणाऱ्यांनी मात्र तो वापरकर्ता सेवा म्हणून चालवावा, नाहीतर पाईपवायरपर्यंत पोचताना पुन्हा तोच सेशनचा प्रश्न येतो.

प्रत्येक प्रहरासाठी मी एकेक प्लेलिस्ट केली आहे. प्लेलिस्टची नावे आणि फाईलींमधील टॅग देवनागरीत आहेत आणि एमपीडी ते अचूक दाखवतो. रागाचे नाव मी शैलीच्या टॅगमध्ये भरले, जेणेकरून रागानुसार शोधता यावे. जुन्या कॅसेटींवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांचा आवाज कमीजास्त असतो. रिप्लेगेनची, म्हणजे प्रत्येक फाईलचा आवाज किती कमीजास्त करावा याची, माहिती टॅगमध्ये भरून एमपीडीत ती सोय चालू केल्यावर वडिलांना दचकवणारा तो फरक पुष्कळ कमी झाला. आलाप आणि बंदिश वेगवेगळ्या फाईलींत असतील तर एमपीडी त्या मध्ये खंड न पाडता सलग वाजवतो. क्रॉसफेड मात्र शून्यावरच ठेवावे. चित्रपटगीतांना ते शोभत असेल. ख्यालाच्या शेवटावर पुढच्या गाण्याचा तंबोरा चढलेला ऐकवत नाही.

आता घड्याळाची बाजू. सिस्टमडीच्या टायमरसाठी दोन फाईली लिहाव्या लागतात: काय करायचे ते सर्व्हिस फाईलमध्ये, केव्हा करायचे ते टायमर फाईलमध्ये. क्रॉनच्या एका ओळीच्या तुलनेत हे काम वाढते आणि आठ प्रहरांसाठी सोळा फाईली झाल्या तेव्हा मलाही ते जड वाटले. परंतु त्या बदल्यात जे मिळते ते मोलाचे आहे. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ या कमांडला वेळेचे सूत्र दिले की ते पुढच्या वेळी नेमके केव्हा लागू होईल हे ती तारीख-वारासह सांगते, म्हणजे चूक आहे की नाही हे पाहण्यासाठी पहाटेपर्यंत थांबावे लागत नाही. टायमरची यादी मागितली की कोणता राग मागे केव्हा लागला आणि पुढे केव्हा लागणार हे एका दृष्टिक्षेपात दिसते. काही बिघडले तर जर्नल या सिस्टमडीच्या नोंदवहीत नोंद सापडते.

एक उदाहरण देते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वडिलांच्या आवडत्या मैफिलींची खास यादी लावायची होती. क्रॉनमध्ये तारखेच्या घरात एक ते सात आणि वाराच्या घरात रविवार लिहिले, तर ती यादी पहिल्या सातही दिवशी आणि शिवाय प्रत्येक रविवारी वाजेल, कारण ही दोन्ही घरे भरलेली असताना क्रॉन त्यांपैकी एक अट जुळली तरी काम उरकतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये वार आणि तारीख या दोन्ही अटी एकत्र पाळल्या जातात, त्यामुळे हे साध्या एका ओळीत जमते.

टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ नावाची एक सोय आहे: संगणक बंद असताना एखादी वेळ टळली, तर तो चालू होताच राहिलेले काम करून घेतले जाते. बॅकअपसाठी ती उत्तम आहे. संगीतासाठी ती चालू करू नये असे मी आग्रहाने सांगेन. सकाळी वीज नव्हती म्हणून दुपारी बारा वाजता भैरव लागला, तर तो न लागलेला बरा.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो राग सुरू कसा करावा याचा नव्हे, थांबवावा कसा याचा. पहिल्या आठवड्यात मी प्रहर संपताच थांबण्याची सूचना देणारे टायमर लावले होते. एका संध्याकाळी मारव्याचा विलंबित ख्याल रंगात आला होता, गायक समेकडे निघाले होते, आणि समेच्या दोन मात्रा अलीकडे आवाज तुटला. वडिलांचा मांडीवर ताल धरलेला हात तसाच वर राहिला. ते काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागले. त्यानंतर शोधताना एमपीडीमधील ‘सिंगल’ या सोयीचा ‘वन्स’ हा प्रकार सापडला: ही सूचना दिली की चालू असलेली फाईल शेवटपर्यंत वाजते, मग प्लेअर थांबतो आणि ती सोय आपोआप मावळते. आता प्रहर संपताना माझे टायमर थांबण्याची सूचना देतच नाहीत, एवढा एक निरोप देतात. ध्वनिमुद्रण चाळीस मिनिटे पुढे गेले तरी चालेल, तिहाई पूर्ण होऊन गाणे आपल्या जागी संपते. पुढच्या प्रहराची यादी मी त्या हिशेबाने मध्ये तासाभराची मोकळी जागा सोडून लावते. ही सोय एमपीडीच्या कितव्या आवृत्तीत आली, याची चिंता करण्याचे कारण नाही; डेबियन या लिनक्सच्या अलीकडच्या कोणत्याही आवृत्तीत ती आहेच. माझ्या दृष्टीने या संपूर्ण व्यवस्थेत हिच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही.

सुरुवातीसाठी एक लहानसे स्क्रिप्ट केले आहे. ते आवाज अगदी कमी ठेवून यादी सुरू करते आणि दर वीस सेकंदांनी तो दोन अंशांनी वाढवत ठरलेल्या पातळीवर नेते. झोपेतून जागे होताना तंबोरा दुरून जवळ येत असल्यासारखा वाटतो.

संधिप्रकाश रागांनी वेगळाच प्रश्न उभा केला. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी स्वरांच्या आधारे रागसमयाची जी मांडणी केली, तिच्यात पूर्वी, मारवा यांसारखे राग संधिकाळी येतात, आणि संधिकाळ काही घड्याळाच्या काट्याला बांधलेला नसतो. मिरजेत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. हा फरक सव्वा तासाच्या घरात जातो. सायंकाळी सहाला बांधलेला टायमर जुलैत लख्ख उजेडात मारवा लावत होता. टायमरला स्वतःला सूर्याचे ज्ञान नाही, ही त्याची उणीव म्हणावी लागेल. तिच्यावर सनवेट नावाचा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडला. त्याला आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे, माझ्या बाबतीत १६.८३ उत्तर आणि ७४.६५ पूर्व, आणि सूर्यास्ताच्या किती मिनिटे आधी किंवा नंतर ते सांगायचे; तो त्या क्षणापर्यंत थांबून राहतो आणि मग पुढची कमांड चालू देतो. टायमर रोज दुपारी साडेचारला सनवेटला उठवतो, आणि सनवेट सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटे आधी एमपीसीला हाक देतो. वर्षभरात याला एकदाही हात लावावा लागलेला नाही.

विजेच्या लपंडावासाठी दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत, आणि त्या दोन्ही मी चुकूनच शिकले. एमपीडी आपली स्थिती दर दोन मिनिटांनी स्टेट फाईलमध्ये नोंदवतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच वाजू लागतो. एका संध्याकाळी गेलेली वीज रात्री अडीचला आली आणि अर्धवट राहिलेला पूरिया भर आवाजात सुरू झाला. वडील घाबरून उठून बसले. कॉन्फिग फाईलमध्ये ‘रिस्टोअर पॉज्ड’ ही ओळ चालू ठेवली असती तर एमपीडी गप्प बसून राहिला असता. ती ओळ पहिल्याच दिवशी लिहावी. दुसरी गोष्ट अशी की रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की तो शेवटी नोंदवलेल्या वेळेवरून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाल्यावरच खरी वेळ जाणतो. राउटर बंद असेल तर त्याचा सकाळचा प्रहर आपल्या दुपारी येऊ शकतो. वेळ जुळेपर्यंत टायमर रोखून धरणारी सिस्टमडीची सेवा चालू करता येते आणि ती मी केली आहे. ज्यांच्याकडे इंटरनेट वरचेवर जाते, त्यांनी घड्याळाचे डीएस३२३१ हे मॉड्यूल बसवून घ्यावे. रास्पबेरी पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण हेडफोनची खाच काढून टाकली आहे, म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी वेगळे यूएसबी ध्वनिकार्ड घेणे आले.

ही व्यवस्था कोणासाठी आहे? ज्यांना टर्मिनल उघडून फाईल संपादित करण्याची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी. एमपीडीची माहितीपुस्तिका नेमकी आहे पण इंग्रजीत आहे, आणि नवख्याला हाताला धरून नेणारी नाही. मला सगळे बसवायला तीन रविवार लागले. ज्यांना केवळ सकाळी एक भूपाळी लावायची आहे त्यांनी केडीई या लिनक्स डेस्कटॉपचा केअलार्म हा प्रोग्रॅम वापरावा. त्यात खिडकीतच वेळ आणि ध्वनिफाईल निवडता येते आणि एवढ्या कामासाठी तो पुरेसा आहे. परदेशातल्या ज्या घरांत घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे होते, त्यांनी रात्री एक ते तीन या वेळेत काहीही लावू नये, कारण त्या तासात एखादी वेळ गाळली जाते किंवा दोनदा येते. भारतीय वेळेला हा उपद्रव नाही.

गेल्या जूनपासून मल्हाराची एक वेगळी यादी जोडली आहे. टायमरच्या सूत्रात जून ते सप्टेंबर हे महिने लिहिले की त्या चार महिन्यांत दुपारच्या सारंगाऐवजी मिया मल्हार आणि गौड मल्हार लागतात, बाकीचे वर्ष तो टायमर स्वस्थ असतो. टायमर महिना पाहतो, आभाळ पाहत नाही. गेल्या वर्षी पहिले काही दिवस बाहेर कोरडे ऊन होते आणि आत मल्हार चालू होता. त्यावर उपाय म्हणून मी एमपीसीच्या दोन ओळींचे स्क्रिप्ट करून वडिलांच्या खाटेजवळ एक मोठे बटण बसवले आहे. पत्र्यावर सर वाजली की ते हात पुढे करून बटण शोधतात, आणि वेळ कोणतीही असो, मल्हार लागतो.